काकांचा बेसबॉल

दुबईतल्या करामा भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काका एकटेच राहायचे. शुक्रवारी संध्याकाळी मी चहाला गेलो की ते इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसलेले असत. स्पीकर लावून अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाशी भांडत. विषय एकच: बेसबॉलचा आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण? काकांनी जन्मात एक मॅच पाहिली नव्हती. मुलगा ज्याचं नाव घेई, त्याला ते मोडीत काढत.

"हो म्हटलं की लगेच फोन ठेवतो रे तो," मला म्हणायचे.

एका शुक्रवारी दोन मिनिटांतच मुलाचा कंटाळलेला आवाज आला, "ओके बाबा, यू विन." फोन बंद झाला.

काकांनी शर्टाचं वरचं बटण काढलं.

"खलास," ते म्हणाले. "जिंकलो मी."