उपासाची गोळी

आमच्या शेजाऱ्याच्या थोरल्या नातीनं दंडाला पट्टा बांधून बीपी मोजला न्हाई, असा माणूस युसूफ वडगावच्या शिवारात उरला असंल तर तो एकतर अजून जन्मायचाय, न्हाईतर पळून गेलाय. कॉलेजात हिचा मुख्य विषय इतिहास. त्याच्या जोडीला मायनर म्हणून सामुदायिक आरोग्य घेतलंय. मायनर म्हंजे काय गं, असं विचारलं तर म्हणाली, "आबा, तुमच्या शेळ्या मेजर आन् कोंबड्या मायनर." मला लगेच कळलं. पण हिच्या कोंबड्यांनी शेळ्यांचा सगळा चारा खाऊन टाकला. इतिहासाचं पुस्तक उघडलेलं मी अजून पाहिलं न्हाई.

हिच्या चुलत भावाच्या लग्नात पंगत बसली तर ही बादली आन् साबण घेऊन दारात उभी. हात धुतल्याबिगर नवरदेवालाही पाटावर बसू दिलं न्हाई. बाजारात लोणचंवालीला मीठ किती घालतेस म्हणून असं खोदून विचारलं की ती बाई हिला लांबून बघूनच बरणी झाकते. हिचा आजा रोजच्या मापाला कंटाळून शेळ्यांच्या वाड्यात लपला, तर ही तिथं गेली, माप घेतलं आन् वहीत लिहिलं, 'रुग्ण शेळ्यांत सापडला.'

मागल्या हिवाळ्यात माझी बायको गेली. मेंदूत रक्त सांडलं, असं डॉक्टर म्हणाले. पुढं ही पोर कॉलेजच्या पाहणीचा फॉर्म घेऊन आली. आजी बीपीची गोळी रोज घ्यायच्या का, म्हणाली. मी म्हणलं, रोज. फक्त उपासाला न्हाई, पाण्याबरोबर गोळी गिळली तरी उपास मोडतो म्हणायची. उपास किती? मी बोटांवर मोजले. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या. पोरीचं पेन थांबलं. फॉर्मच्या कोपऱ्यात बेरीज केली, निम्मा महिना गोळीबिगर.

मग म्हणाली, एकादशीला मारुतीच्या देवळात बाया भजनाला बसतात, तिथं हे सांगा. तिनं स्वतः तीनदा सांगितलंतं. बाया माना हलवत, आन् गोळी पदराच्या गाठीत तशीच घरी नेत. तिची सख्खी आजी त्यातच. तीच गोळी, तेच उपास, माझ्या बायकोची जन्माची मैत्रीण. मी सरळ म्हणलं, माझ्या घरातलं मरण देवळात मांडायचं न्हाई. पोर गुमान गेली. दुसऱ्या दिवशी पट्टा घेऊन परत हजर. पण त्या गोष्टीचा चकार शब्द काढला न्हाई. तेच मला जड गेलं.

एकादशीला देवळात गेलोच. उभा राहिलो आन् म्हणलं, "माझी बाई उपासाला गोळी घेत नव्हती. मी रोज बघायचो. घे म्हणून एकदा पण म्हणलं न्हाई. देवानं काय तिला गोळीचा हिशोब मागितला नसता." मग खाली बसलो. टाळ कुणी उचलंना. पोरीच्या आजीनं पदराची गाठ सोडली, गोळी काढली, तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळली आन् शेजारणीला म्हणाली, "बघतीस काय? तुझी काढ."

परतीच्या वाटंवर पोर पुन्हा बोलती झाली, पुढल्या एकादशीला खालच्या वस्तीवर जायचं म्हणाली. मी म्हणलं, "का गं, दोन वर्षं आधी न्हाई घेतलास हा विषय?"

"तवा मी बारावीला होते, आबा," म्हणाली, आन् तिथंच बांधावर बसवून माझ्या दंडाला पट्टा बांधायला लागली. मी हात पुढं केला.