गॅरेजवाल्याला मागच्या सीटवर बसवलं तेव्हा

माझे बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते. निवृत्तीनंतर त्यांच्या कमरेत नस दबली आणि त्यांना वरचेवर अकोल्याला डॉक्टरांकडे न्यावं लागू लागलं. मी अमरावतीत अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. बाबांना मागच्या सीटवर पाय पसरून नेता यावं म्हणून मी एक जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकानं हौसेनं तिचं सस्पेन्शन बदललं होतं. शॉकॲब्सॉर्बरवर आटे होते आणि त्यांवर फिरणारी रिंग. रिंग वर फिरवली की स्प्रिंग दाबली जायची आणि गाडी उचलली जायची.

गाडी मागून जरा बसलेली होती, स्पीडब्रेकरला घासायची. म्हणून घराजवळच्या गॅरेजात नेली. मालकाला म्हटलं, "बोटभर उचला. मागे माझे बाबा बसतात, त्यांची कंबर नाजूक आहे."

संध्याकाळी पाहिलं तर मागचा भाग चांगलाच वर गेलेला.

"रिंग फुल कसली, मॅडम," मालक म्हणाला. "स्प्रिंग कडक केली. आता हादरे लागतच नाईत."

"रिंग कसून स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीपासून दाबलेली असते."

"शायेतलं फिजिक्स शायेत राहू द्या. गाडीच्या कामाले तुमच्या मिस्टरले पाठवत जा."

तो हसला, तिथं बसलेली गिऱ्हाइकंही हसली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ होती, म्हणून मी गाडी तशीच घेऊन आले.

अकोल्याच्या रस्त्यावर गाडी मागून लाथा मारू लागली. बाबा वरचं हँडल धरून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "पोरी, हळू घे."

"हळूच आहे, बाबा."

मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. तिथं ते ओरडले. आयुष्यात मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. अकोल्यात दोघांनी धरून त्यांना गाडीतून उतरवलं, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांना कुशीवर वळणंही जमेना.

मी गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "रस्ताच तसा आहे, मी काय करू? अन् तुमच्या बाबाले एवढं दुखते, तर नेता काहून? घरीच ठेवाचं ना."

हे वाक्य मी गिळलं नाही.

रविवारी अंगणात जॅक लावला. सस्पेन्शन धड असलेली गाडी उचलली की चाक आधी खाली लोंबतं आणि मग जमीन सोडतं. खड्डा आला की चाक उतरतं ते त्या लोंबण्याच्या जागेत. माझ्या गाडीचं मागचं चाक जॅक फिरवल्याबरोबर जमिनीवरून उचललं गेलं. मागच्या बाजूला गाडीचं जेवढं वजन येत होतं, त्याहून जास्त ताण त्या माणसानं स्प्रिंगमध्ये आधीच भरून ठेवला होता. बाबांच्या वजनानंही ती हलत नव्हती. मोठा धक्का बसेपर्यंत ती स्प्रिंग नव्हतीच, लोखंडाचा खांब होता.

दुसरीकडे कुठंही रिंग सैल करून मिळाली असती. मी केली नाही. गाडी त्याच्यासाठी तशीच ठेवली.

एका दुपारी गॅरेज भरलेलं असताना गेले. अगदी गोड आवाजात म्हटलं, "मागून आवाज येतोय. तुम्ही मागे बसून ऐकता का? मी चालवते."

तो बसला. बडनेऱ्याकडे पाइपसाठी खोदलेला एक रस्ता मला माहीत होता. बाबा असताना जो वेग होता, तोच ठेवला. पहिल्या खड्ड्यात त्याचं डोकं छताला आपटलं.

"मॅडम, हळू."

"हळूच आहे."

"अहो, थांबा ना. कंबर जाईन माही."

"रस्ताच तसा आहे," मी म्हटलं, आणि टोकाला जाऊन गाडी त्याच रस्त्यानं परत वळवली. आरशात त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती. मला ते पाहायला फार बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

गॅरेजसमोर सगळ्या गिऱ्हाइकांदेखत त्याचाच जॅक लावला. "हे चाक लोंबत का नाही, ते सांगा यांना."

तो कमरेवर हात ठेवून वाकला आणि स्वतःच रिंग सैल करायला बसला. गाडी खाली आली, जॅक लावला की चाक लोंबू लागलं. उठताना पुटपुटला, "आधी सांगाचं ना."

"सांगितलं होतं. तुम्ही हसला होता."

माफी त्यानं मागितली नाही. मीही सोडलं नाही. दर वर्षी वर्गात स्प्रिंगचा धडा आला की ही गोष्ट सांगते, आणि ते गॅरेज कोणत्या वळणावर आहे तेही सांगते. मैत्रिणी म्हणतात, आता पुरे. मला ते पुरेसं वाटत नाही.

गॅरेजवाल्याला फिरवून आणलं त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते पलंगावर उताणे पडून ऐकत होते. वाटलं, आता रागावतील. मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "दोनदाच नेलं त्याले?"

"हो."

"अजून एक चक्कर माराची होती."