अप्पांकडे फिरवलेला कूलर

अठरा वर्षं मी आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते आहे. पांढऱ्या पेशींचा धडा आला की माझं वाक्य ठरलेलं असायचं: या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, त्या आहेत म्हणून आपण आहोत. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत तसंच्या तसं लिहायची आणि मी पूर्ण गुण द्यायची. हे वाक्य अर्धंच आहे, हे मला माझ्या वडिलांच्या छातीनं शिकवलं.

अप्पांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. पाळी सुटली की कारखान्याच्या दारातच गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गुळानं घशातली सुताची धूळ खाली जाते, अशी तिथल्या सगळ्यांची समजूत. अव्वा, म्हणजे माझी आई, गेल्यावर मी त्यांना जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. धूळ सुटली, आता दम कमी होईल, असं मला वाटलं, आणि पहिलं वर्ष खरोखरच बरं गेलं. मग उन्हाळ्यात मी त्यांच्यासाठी कूलर घेतला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, पण तेव्हा कोणाला कळणार?

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. भरलेलं पाणी ओतून देणं म्हणजे आमच्यात पाप. त्यामुळे कूलरची टाकी आम्ही कधी रिकामी केलीच नाही, वरून भर घालत राहिलो. भाजी धुतलेलं पाणी टाकीत, तांदूळ धुतलेलं पाणी टाकीत. जाळीतलं गवत काळं पडलं होतं, पण वारा गार येतोय ना, मग बदलायचं कशाला? या काटकसरीचा मला भारी अभिमान होता, शेजारणीलाही मी ती शिकवली होती. कूलर लावला की खोलीभर ओला, कुबट वास पसरायचा. आम्हाला तो गारव्याचा वास वाटायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून अप्पांना कोरडा खोकला लागला. संध्याकाळी अंगात कणकण यायची, सकाळी उतरायची. चौथ्या वर्षी एक जिना चढताना ते तीनदा थांबायला लागले. ज्यानं त्यानं मागाच्या धुळीला दोष दिला आणि मीही दिला. वर त्यांनाच बोलायची, तोंडाला फडकं बांधा म्हणून अव्वा जन्मभर सांगत होती, ऐकलंत का तिचं? ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. मध्येच बार्शीला आत्याकडे पंधरा दिवस राहून यायचे आणि तजेलदार होऊन परतायचे. आत्याच्या घरी नुसता छताचा पंखा होता. आम्ही मात्र श्रेय दिलं तिच्या हातच्या भाकरीला.

गेल्या मे महिन्यात त्यांचे ओठ निळे पडले तेव्हा छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई होत्या. स्कॅन झालं, नळी घालून फुफ्फुस आतून धुऊन ते पाणी तपासायला गेलं. रिपोर्ट आले त्या दिवशी अप्पा आत श्वासाची चाचणी देत होते आणि बाईंनी मला विचारलं, घरात ओल आहे का, कबुतरं येतात का, कूलर वापरता का. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की दिवसभर चालू असतो, अप्पांच्याच तोंडासमोर. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, पाणी कधी बदलता? उत्तर देण्याआधीच मला सगळं समजलं. शेवटी मी विज्ञानाची शिक्षिका.

टाकीतली बुरशी वाऱ्याबरोबर त्यांच्या फुफ्फुसात जात होती. कित्येकांना ती काहीच करत नाही, पण अप्पांच्या पेशींनी तिला शत्रू ठरवलं होतं. रोज नवी बुरशी, म्हणून रोज नव्या पेशी. आल्या त्या माघारी गेल्याच नाहीत. जागोजागी गाठी करून बसल्या, आणि सुजत राहिलेला तो भाग व्रण होऊन कडक झाला. गोळ्यांनी पेशी शांत होतील, पण कडक झालेलं पुन्हा मऊ होणार नाही, असं बाई म्हणाल्या. अप्पा बाहेर आल्यावर त्यांनाही पेशींचं आणि गाठींचं थोडक्यात सांगितलं. कूलरचं सांगायचं माझ्यावर सोडलं.

अप्पांनी मान डोलावली. “तुटंल तितं गाठ मारत गेले म्हना की. गाठीच गाठी झाल्यावर कापड ताणत न्हाय.”

घरी येऊन मी कूलर बंद केला आणि मोटर जळाली म्हणून खोटं सांगितलं. आठ दिवस ते खोटं ओढलं. त्यांच्या मनातून उतरायची भीती वाटत होती मला. नवव्या दिवशी दुपारी त्यांच्यासमोर बसले आणि टाकी, गवत, भाजीचं पाणी, सगळं सांगून टाकलं. तुमचा श्वास मी घालवला, असं म्हणून रडले.

“मोटर चांगली हाय,” अप्पा म्हणाले. “मला ठावं व्हतं. बार्शीला गेलं की चार दिसांत छाती मोकळी. हितं आलं, ह्यो वारा लागला, की सांजच्याला पुन्ना कणकण.”

मग बोलला का नाहीत, असं मी जवळजवळ ओरडूनच विचारलं.

ते दम गोळा करत थांबले. “तू साळंतनं यायचीस, घामानं भिजलेली. आदी कूलरचं तोंड माज्याकडं फिरवायचीस, मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचीस. तुला बंद कर म्हणून कसं सांगू?” मग कानडीत म्हणाले, “इर्ली बिड.” असू दे, सोड.

गोळ्यांनी खोकला गेला, कणकण गेली. जिना मात्र आता त्यांना चढवत नाही. यंदा पांढऱ्या पेशींचा धडा आला तेव्हा मी नेहमीचं वाक्य सांगितलं आणि पुढे सांगितलं, की राखणाऱ्यांच्या हातूनही घर मोडतं. एका मुलीनं विचारलं, मग त्यात चूक कोणाची?

कूलर होता त्या कोपऱ्यात आता ऑक्सिजनचं यंत्र आहे. शाळेतून आले की मी तशीच त्यांच्या खोलीत जाते, नाकातली नळी नीट बसली आहे का बघते, आणि मग पिशवी खाली ठेवते.