झेब्र्याची मागणी मंजूर

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. जुन्या जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत फळीवर, पलंगाखाली, पिठाच्या डब्यावर पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं ओळखायला शिकले तीच मुळी ‘आमच्या प्रमुख मागण्या’ या ओळीवरून. मागण्या मान्य झाल्याचं पत्रक मात्र घरात कधी आल्याचं मला आठवत नाही.

हे सांगितल्याशिवाय मी एका प्राणिसंग्रहालयाच्या गेममध्ये कशी अडकले ते कळणार नाही.

मी डीटीपीच्या दुकानात काम करते. लग्नपत्रिका, फ्लेक्स, नेत्यांचे वाढदिवस. तिथल्या मैत्रिणीने तो गेम माझ्या लॅपटॉपमध्ये टाकून दिला, आणि मी तो उघडला त्याच्याविरुद्ध लिहायला. पिंजऱ्यात कोंडलेली जनावरं, तिकीट काढून बघणारी माणसं, आणि हा धंदा नीट चालवणं म्हणे खेळ. लेखाची पहिली चार वाक्यं डोक्यात तयार होती.

तेवढ्यात झेब्र्याच्या डोक्यावर एक लाल खूण आली. तिच्यावर क्लिक केलं तर त्याच्या गरजा समोर उघडल्या. पाणी कमी. सावली अपुरी. सोबत नाही. ते निवेदनच होतं. मी एक पाणवठा उचलून त्याच्यापुढे ठेवला. झेब्रा चालत आला, मान खाली घालून प्यायला, आणि खूण गेली. तहसीलला खेटे नाहीत, पोचपावती नाही, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी मागणी मंजूर होताना पाहिली, आणि ती झेब्र्याची होती.

लेख राहिला. जेवणाच्या सुट्टीत, रविवारी, मी गेंड्याला चिखल दिला, माकडांना दोर बांधून दिले. याला कुणी टाइमपास म्हटलं की मला राग येतो. माणसं त्या गेमला चिकटतात ती वाघ देखणे आहेत म्हणून नाही. तिथे ज्याच्या हातात पाणी आहे त्याला दुसऱ्याची तहान दिसते, आणि दिसली की ती भागवता येते. एवढी साधी गोष्ट आपल्याला पडद्यावर बघावी लागते, यात कुणाला काही वावगं वाटत नाही, हे मला जास्त झोंबतं.

उन्हाळ्यात मी मामाकडे गेले. तीर्थपुरीच्या पुढे त्यांचं गाव, घर शेतात. आमचं आजोळ मूळचं मेंढपाळांचं. बाकीचे शेतीत आणि मजुरीत गेले, मामांनी मेंढरं राखली. कालव्याला पाणी असलं की मेंढरं कालव्यावर पितात. कालवा कोरडा पडला की गावच्या चौकात जनावरांसाठी बांधलेला लांबलचक हौद, बोअरच्या पाण्यानं भरलेला. मी लहानपणापासून तो पाहत आले होते.

पहिल्या संध्याकाळी मी मामांना गेम दाखवला. त्यांची नजर एका हिरव्या कपड्यांतल्या कामगारावर खिळली.

“हा काय करून राह्यला?”

“लीद उचलतोय. घाण दिसली की बघायला आलेले लोक नाराज होतात.”

“अन् फेकून देतो?”

“हो.”

“येडे हायेत. इथं लोक ज्वारी देऊन माझी मेंढरं वावरात बसवतेत, चार लेंड्या पडाव्या म्हणून. ह्यांनी त्या झाडायला पगारी माणूस लावला.”

मामी चुलीपाशी होत्या. “तुमीच जा तिथं कामाला,” त्या म्हणाल्या. “महिन्याला पगार तर यील.”

दुसऱ्या दिवशी मी मेंढरांबरोबर चौकात गेले. हौद नव्हता. त्या जागी बाग होती. गुडघाभर भिंत, निळ्या टाइल्सचं कारंजं, इंग्रजी ‘आय’, लाल बदाम आणि त्यापुढे इंग्रजीतच गावाचं नाव. शिवाय सिमेंटचं एक हरीण आणि सिमेंटचाच जिराफ, ज्याची मान मंजूर रकमेत बसली नसावी. कारंजं उडत होतं. मेंढरं भिंतीबाहेर उभी होती. मामांनी त्यांना पुढे हाकललं, लांबच्या एका विहिरीकडे, जिथला मालक लहर असली तर मोटर लावायचा.

मी ती बाग आधी पाहिली होती, गेममध्ये. गेम सुरू होतो तेव्हा समोर रिकामं हिरवं मैदान असतं. ते कुणाचं गायरान नसतं, त्यातून कुणाची पायवाट जात नसते. जे दिसायला बरं नाही ते निवडायचं आणि पुसून टाकायचं. तिथे कोण पाणी पीत होतं, हे गेम विचारत नाही. बघणारे खूश झाले की तुम्ही जिंकलात. मामांच्या गावच्या सरपंचांना त्यासाठी लॅपटॉप लागला नाही, एक जेसीबी पुरला. आणि मेंढराच्या डोक्यावर लाल खूण येत नाही, ही त्यांची सोय.

मी पत्रक लिहिलं, तीर्थपुरीला जाऊन झेरॉक्स काढून आणलं. मामांनी गठ्ठा पाहिला आणि म्हणाले, “वाटू नको.”

“मेंढरं तहानेली फिरून राह्यली मामा, अन् तुमी गप्प?”

“गावाला जरा शोभा आली, ते न्हाई दिसत तुला.”

“त्या हरणासोबत फोटो काढला तुमी. मामींनी दाखवला मला.”

“काढला. चांगला आल्ता.” मग त्यांचा आवाज खाली आला. “तू परवा जाशील जालन्याला. मला रोज ह्याच चौकातून जायचंय. उद्या कुणी वावरात मेंढरं बसू दिली न्हाई, मंग तुझं पत्रक चारू का त्यांना?”

“बकरी खाईल,” मामी म्हणाल्या. “मेंढराचं सांगता येत न्हाई.”

मला सरपंचांपेक्षा मामांचा जास्त राग आला. पण पत्रकं वाटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या विहिरीची मोटर बंदच राहिली. परतताना चौकात पाण्याचा वास आला आणि पुढच्या मेंढीने भिंतीवरून उडी घेतली. एक गेली की सगळी जातात. बघता बघता कारंज्याभोवती लोकरीचा वेढा पडला. मामांनी काठी उचलली आणि खाली घेतली.

सरपंच मोटरसायकलवरून आले. “काका, हे काय? बाग आहे ही.”

“पिऊन राह्यलेत सायेब. झालं की निघतेत.”

“हाकला जल्दी.”

“पाण्यावरून जनावर उठवत न्हाईत. तुमच्या वडलांनीबी कधी उठवलं न्हाई.”

सरपंचांनी मोटरसायकल बंद केली. मग म्हणाले, “हौदाचं दुसऱ्या टप्प्यात बघू. लेखी द्या.”

“लेखी आहे,” मी म्हणाले आणि पत्रक पुढे केलं. त्यांनी न वाचता घडी घालून खिशात टाकलं.

उत्तर म्हणून बागेला उंच जाळी आली, गेट आलं, कुलूप आलं. आणि मग गाव जागं झालं. हौद पाडताना जी तोंडं उघडली नव्हती, ती आता ग्रामपंचायतीत उघडली, कारण संध्याकाळी लेकरं घेऊन जायला जागा उरली नाही आणि पोरांचे रील थांबले. मी तेव्हा जालन्याला परतले होते. त्या बैठकीत मामी म्हणाल्या, असं फोनवर कळलं, “कुलूप काढा. पण आधी हौद बांधा. न्हाईतर मेंढरं गेटातून शिरतील.”

हौद बांधला. जाळीच्या बाहेर, उरलेल्या निळ्या टाइल्स लावून, पहिल्याच्या निम्मा.

नंतर मामांचा फोन आला. सरपंचांना फ्लेक्स हवा होता. ‘जनावरांच्या हौदाचा लोकार्पण सोहळा’, वर त्यांचा फोटो. “म्हनले, तुमच्या भाचीकडूनच करून घ्या, घरचं काम.”

मी नाही म्हणाले. अख्खा हौद ज्याने पाडला, तो निम्मा परत देऊन दाता होणार, आणि त्याचा चेहरा मी उजळ करून द्यायचा? गेममध्ये निदान पाणवठ्यावर कुणी फीत कापत नाही. मेंढरांच्या तहानेने ज्यांना काही झालं नाही, त्यांना एक कुलूप सोसलं नाही. तेच लोक टाळ्या वाजवायला जमणार होते.

फ्लेक्स दुसरीकडून झाला. सोहळ्याचा फोटो मला आला. सरपंचांच्या शेजारी फेटा बांधून मामा उभे.

मी फोन लावला. “नारळ तुमी फोडला?”

“हो. एका झटक्यात फुटला.”

“मामा, काही वाटलं न्हाई तुमाला?”

“मेंढरं पाणी पिऊन राह्यली न्हवं? मंग तू कशाला फुगलीस?”

“निम्मा आहे तो हौद.”

“हाय निम्मा. पाळीनं पितेत.”

“अन् पाळी येईपर्यंत?”

पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता.

“उभी ऱ्हातेत,” मामा म्हणाले. “उन्हात.”

“म्हणून फुगले,” मी म्हणाले.