दैतारी मिस्त्रीच्या शुक्रवारच्या कथा

रावजी देवगडहून बहरीनला ट्रक चालवायला आला ते साल १९७९. मीना सलमान बंदराच्या गोदामांमागे कंपनीची बराक होती, तिथे त्याला दैतारी बेहेराच्या शेजारची खाट मिळाली. दैतारी ओरिसातल्या केंद्रपाड्याचा. पन्नाशीचा, काटकुळा, नळकाम करणारा. उन्हाळ्यात तो रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांद्याबरोबर खायचा. रावजीला घरची पेज आठवली आणि दोघांचं तिथेच जमलं.

शुक्रवारी सुट्टी. जेवणं झाली की बराकीच्या सावलीत दैतारी कथा सांगायला बसे. लहानपणी गावच्या पोथीघरात बसून ऐकलेलं सगळं त्याच्या पोटात होतं. सुरुवात उडियात करायचा, ती सुरावट कानाला गोड लागायची, मग मोडक्या हिंदीत अर्थ. राजे, कोळी, कुंभार, आणि प्रत्येकाच्या दारात कुठला तरी मोठा प्रश्न: मी कोण, माझं काय? चितगावचा क्रेनवाला जमालुद्दीनसुद्धा मांडी घालून ऐकायचा.

पुढच्या वर्षी जूनमध्ये रावजीला तार आली. आई गेली. साहेब म्हणाला, जहाज रिकामं होईपर्यंत रजा मफी, मिळणार नाही. तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं.

त्या शुक्रवारी दैतारीने मुद्दाम घटाची कथा लावली. कुंभाराचं मडकं फुटतं, तो रडतो, आणि साधू विचारतो, आतलं आकाश कुठे गेलं? ते होतं तिथेच आहे. देह फुटतो, आत्मा फुटत नाही.

रावजी ताडकन उठला.

"मिस्त्री, बस झालं! मडकं तुमचं नव्हतं, म्हणून सुचतंय तुम्हाला आकाश. तिच्या तोंडात पाणी घालायला मी नव्हतो, त्याचं काय सांगता?"

दैतारीने खाली मान घातली. पुढचे दोन शुक्रवार तो कथेला बसलाच नाही, खाटेवर बसून नळाचे पाने घासत राहिला. पोरं कुरकुरली तर म्हणाला, "खलास. घसा बसलाय."

तिसऱ्या शुक्रवारी सकाळी तो भाताचं भांडं घेऊन रावजीच्या खाटेवर येऊन टेकला.

"माझं चुकलं रे. तू काही सांगायच्या आधीच मी उत्तर देऊन बसलो. आता सांग. कशी होती तुझी आई?"

रावजीला वाटलं, काय सांगणार? आई ती आई. पण तोंड उघडलं आणि थांबेना. रत्नाबाई तिचं नाव. कावळ्यांना नावं देऊन हाका मारायची. दारी आलेला माणूस पेज घेतल्याशिवाय गेला तर दिवसभर चिडचिडायची. भजनात शब्द विसरली की स्वतःचे घालायची. दैतारी ऐकत होता, मधूनच विचारत होता, "कावळ्यांची नावं काय?" भात तसाच राहिला.

त्याच दुपारी दैतारी सावलीत येऊन बसला. आधी उडियात दोन ओळी गुणगुणला, मग म्हणाला, "समुद्राकाठी एक म्हातारी होती. रत्नाबाई."

रावजी दचकला. कथेत यम न्यायला आला, तर रत्नाबाईने त्याला ओटीवर बसवलं. थांब, गुंडू कावळा अजून आला नाही. मग यमाला पेज वाढली, वर लोणच्याची फोड. यम पेज प्यायला, पुन्हा मागितली. शेवटी लाजून म्हणाला, "आई, निघूया?" तिने विचारलं, "कुठे?" यम म्हणाला, "लांब नाही. ज्याला ज्याला वाढलंस, त्याच्या आत."

यमाने दुसऱ्यांदा पेज मागितली तेव्हा रावजी हसला होता. आता तो ढसाढसा रडायला लागला. महिनाभर डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. जमालुद्दीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दैतारीला म्हणाला, "मेरी अम्मी का भी बनाओ, मिस्त्री."

मग रीतच पडली. कुणी आजा आणून देई, कुणी बुडालेला भाऊ. दैतारी आठवडाभर ते माणूस मनात घोळवी आणि शुक्रवारी कथेत उभं करी. पोथीतला प्रश्न तोच, पण आता तो ओळखीच्या दारात यायचा.

१९८५ मध्ये दैतारीचे गुडघे गेले आणि तो कायमचा निघाला. विमानतळावर रावजीनेच सोडलं. गाडीत त्याने विचारलं, "सगळ्यांची माणसं सांगितलीत. तुमच्या घरच्या वहिनींची कथा कधी नाही सांगितली?"

दैतारी खिडकीबाहेर बघत हसला.

"दोन वर्षांतून महिनाभर भेटणारा माणूस मी. ती कथा मला येतच नाही. आता जाऊन तिच्यासमोर बसतो. ती सांगेल, मी ऐकेन."