अळणी बिरडं

बाबा गेले त्या पावसाळ्यात माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. आधीही फार होतं असं नाही. पण देव्हाऱ्यापुढून जाताना उगाच हात जोडायचो, तेही सोडलं. कारण बाबांच्या मागोमाग आईचं जेवण सुटलं. हट्ट नाही, रडणं नाही. ताट समोर आलं की म्हणायची, "ठेव, खाईन," आणि ताट तसंच परत यायचं. चहावर किती दिवस निघणार? डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर भरती करा, सलाईन लावावं लागेल. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्यांना नेलंत, परत आणलं नाहीत. मला नका नेऊ रे."

दुसरा दिवस श्रावणातला शुक्रवार. आमच्या घरी त्या दिवशी देवीला वालाच्या बिरड्याचा नैवेद्य असतो, आणि तो कायम आईच्या हातचा. बायकोने सवयीने वाल भिजवून मोड आणले होते, पण नेमकी तिची अडचण आली. मी कामतघरला यंत्रमागावर कामाला. शुक्रवारी लूम बंद, म्हणून घरी. झालं, आमची नेमणूक झाली.

कोमट पाण्यात टाकून वाल सोलायला बसलो. माझ्या बोटांतून दाणा सालीबरोबरच सुटायचा आणि थेट कपाटाखाली जायचा. बायको स्वयंपाकघराच्या दाराबाहेरून सूचना देत होती. "कांदा-लसूण नाही हं. हिंगाची फोडणी. झाकणावर पाणी ठेवा. आणि नैवेद्याचं चाखायचं नाही! तुमचा हात आधी तोंडाकडे जातो." मी हळद, तिखट, गूळ, आमसूल, खोबरं, सगळं घातलं. दाणा न मोडता शिजला, याचा गर्वही झाला. देवीपुढे वाटी ठेवून मनात म्हटलं, आईच्या पोटात एक घास जाऊ दे. बाकी माझं भांडण आपण नंतर बघू.

मग आईपुढे ताट ठेवलं. "ठेव, खाईन."

तेवढ्यात दारात पडघ्याकडच्या पाड्यावरची एक म्हातारी कर्टुली विकायला आली. पाणी मागितलं. नैवेद्याच्या वेळी दाराशी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं, म्हणून तिला आत बसवून पान वाढलं. तिने भात कालवला, घास घेतला आणि थांबली. माझ्याकडे बघितलंच नाही, सरळ आईला म्हणाली, "बाय, मीठ न्हाय ह्याच्यात."

आई वळली. "काय म्हणालात?"

"मीठ न्हाय. जरा बी न्हाय."

आईने समोरच्या ताटातलं बिरडं बोटावर घेऊन जिभेला लावलं. "अरे मेल्या! देवीला अळणी वाढलंस? आणि दारच्या माणसालाही?" ती भिंत धरून उठली, ओट्याशी गेली, पातेल्यात मीठ घातलं, ढवळलं, चाखलं. पुन्हा चिमूटभर घातलं, पुन्हा चाखलं. म्हातारीला नव्याने वाढलं. म्हातारी म्हणाली, "तू बी बस ना. एकटीला घास कसा जाल?" आई तिच्याशेजारी बसली आणि जेवली. बायको दाराबाहेर पदराने डोळे पुसत होती. मी कपाटाखालचे वाल शोधायला वाकलो ते बराच वेळ वाकूनच राहिलो.

ती म्हातारी कोण होती, असं लोक डोळे मोठे करून विचारतात. पुढच्या शुक्रवारी तीच पुन्हा कर्टुली घेऊन आली आणि भावावरून आईशी कडाकडा भांडली. तेव्हा देवी आली होती, असं म्हणायची सोय नाही. मला एवढंच कळतं की त्या दिवशी मी जे जे नीट केलं, त्यातलं काही आईपर्यंत पोचलं नाही. जे राहून गेलं, त्या जागेतून कुणीतरी आत आलं. तेव्हापासून जमेल तेवढं करतो, आणि उरलेलं देवीपुढे ठेवतो.

त्या संध्याकाळी उरलेल्या बिरड्यात पाणी घालून आईने आमटी केली. मला वाढताना म्हणाली, "आता चाख."