मास्तरांसाठी टाकलेला शब्द

कापड कापण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. एकावर एक साठ थर अंथरलेल्या कापडातून यंत्राचं पातं फिरवायचे, तरी तळातल्या बाहीतही केसभर फरक सापडायचा नाही. देवाने हातात कला भरभरून दिली, बोलायचं मात्र शिकवायचं राहिलं. बावीस वर्षांनी कारखाना बंद पडला, तेव्हा स्वतःबद्दल दोन शब्द बोलायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

शहराबाहेरच्या नव्या कारखान्यात एकच कटिंग मास्तर हवा होता. सरळ जावं, कापून दाखवावं, असं मास्तरांचं म्हणणं. बायकोने त्यांना वेड्यात काढलं. ओळखीशिवाय आजकाल पानसुद्धा हलत नाही म्हणाली, आणि भावाला गळ घातली. साडूंनी परस्पर सूत्रं हलवली. शेजारचे निवृत्त हेडक्लार्कही कामाला लागले. कोणी कोणाला कळू दिलं नाही. काम झाल्यावर ‘माझ्यामुळे झालं’ म्हणायचा मान प्रत्येकाला एकट्यालाच हवा होता.

तिघांचे फोन एकाच सकाळी एकाच मॅनेजरला गेले. एकाने मास्तरांना चाळिशीत बसवलं, दुसऱ्याने पन्नाशीत. साडूंनी तर “गरीब आहे हो, पदरात घ्या” म्हणून गळाही काढला.

मास्तर गेले तेव्हा मॅनेजरने कागद उघडलेच नाहीत.

“चांगल्या मास्तराला एकाचीही शिफारस लागत नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला तीन लागल्या. खरं सांगा, आधीच्या ठिकाणी काय भानगड केलीत?”

एकदा कापून दाखवतो, एवढं मास्तर जुळवून म्हणेपर्यंत तो दुसऱ्या फोनवर बोलायला लागला होता.

घरी साडू वाटच बघत होते; मॅनेजरला पुन्हा फोन करून त्यांनी सगळं काढून घेतलं होतं. “अहो मास्तर, तुमचे मेहुणे मध्ये तडमडले नसते ना, तर आज काम फत्ते होतं.” झालं, बायकोने भावाची बाजू घेतली. दोघांची जुंपली आणि नोकरी राहिली बाजूला.

“आता माझ्यासाठी कोणी तोंड उघडायचं नाही,” मास्तर म्हणाले. एवढा चढलेला त्यांचा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ते आणखी एका कारखान्याच्या फाटकावर गेले. रखवालदाराने वही उघडली.

“कोणी पाठवलं?”

“कोणी नाही. माझा मीच आलोय.”

“मग या रकान्यात काय लिहू, काका? तो रिकामा असला तर आत सोडत नाहीत.”

मास्तर उन्हात उभे राहिले. मागे आणखी चारजण होते, ते पुढे सरकायला लागले. शेवटी दातओठ खात त्यांनी साडूंचं नाव सांगितलं.